राखणदाराचा पेला

मी दारू पीत नाही. लग्नकार्यात किंवा मित्रांच्या बैठकीत कुणी आग्रह केला की मी हात जोडून तसं सांगतो आणि लोक मला सज्जन समजतात. आयुष्यात एकदाच, एक पेलाभर प्यालो. तो पेला माझ्यासाठी भरलेला नव्हता. ज्यांनी भरला होता त्यांच्याविषयी आज लिहायला बसलोय, आणि लिहून झाल्यावर मला काही बरं वाटणार नाही, हे आधीच ठाऊक आहे.

ते माझे घरमालक. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, मीही म्हणायचो. डिचोलीहून साखळीला जाताना आत वळलं की त्यांचं गाव. मी दोडामार्गाकडचा, नुकताच मास्तर झालेला. गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागे चार वर्षं मी त्यांच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहिलो. खोली दाखवताना त्यांनी मासळी, मित्र आणि रेडिओ यांच्या अटी सांगितल्या, त्या अशा:

"नुस्तें रांदल्यार चलता. इश्ट आयल्यार चलतात. रेडियो मात नाका."

"का हो?"

"वण्टी पलतडीं पीप न्हिदलां."

मला वाटलं, घरात कुणी आजारी असेल. तर भिंतीपलीकडे खरोखरच एक लाकडी पिंप निजलेलं होतं. डिचोलीतली एक जुनी तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, बंद पडली, तेव्हा तिथून बैलगाडीत घालून आणलेलं. त्यात काजूची फेणी, माडाचा गूळ, मूठभर तेफळं आणि हरमलच्या मिरच्या नऊ वर्षं मुरत पडल्या होत्या. कुणी त्याला सोरो, म्हणजे साधी दारू, म्हटलेलं आबांना खपत नसे. "सोरो न्हय, लिकोर," ते सांगत, आणि हा शब्द उच्चारताना सदऱ्याची कॉलर सारखी करत. दर अवसेला ते पिंप वीतभर फिरवायचे आणि मग लाकडाला कान लावून बसायचे. चवथीला वाड्यावर फटाके सुरू झाले की पिंपावर घोंगडी पडायची. भाषेच्या वादात घोषणा देत मिरवणुका रस्त्यावरून जाऊ लागल्या तेव्हा आबांनी आधी त्या खोलीचं जनेल लावून घेतलं, मग स्वतः बाहेर जाऊन घोषणा दिल्या.

मिरच्या ते पेडण्याच्या बाजारातून स्वतः निवडून आणायचे. एकदा मीही बरोबर गेलो होतो. आबा प्रत्येक ढिगातली एक मिरची उचलायचे, नखाने चिरायचे आणि डाव्या कानाच्या पाळीला चोळून डोळे मिटून उभे राहायचे. बायका ओळखीच्या होत्या. एकजण दुसरीला म्हणाली, "राव गो, आबालो कान अजून तांबडो जावंक ना." मी विचारलं, जिभेवर का नाही ठेवत? तर म्हणाले, "जिबेक सगळेंच तीख, मास्तर. कानाक फरक कळटा." घरी आल्यावर बांबूच्या काडीने एकेक बी काढून टाकायचे. "बियेंत नुसतो राग आसता," म्हणायचे.

आणि गंमत म्हणजे या माणसाला एक थेंबही चालत नव्हता. दारू पोटात गेली की अंगभर गांधी उठायच्या. तरुणपणी दोनदा उठल्या, दुसऱ्या वेळी डॉक्टरकडे न्यावं लागलं, तेव्हापासून बंद. त्यांची बायको, माई, मला म्हणायची, "ह्या मनशान इतलीं वर्सां घोंट घेवंक ना, पूण उलयता तें आयकल्यार दिसता रातदीस पियेता."

मग चव कोण घ्यायचं? धाकटा भाऊ. तो वाळपईला राहायचा, त्याच्या काजूच्या बागा होत्या. दोन-तीन महिन्यांनी यायचा. आबा पिंपाच्या तोटीतून कुलेरभर, म्हणजे चमचाभर, लिकोर काढून त्याच्या हातात द्यायचे, तो ती तोंडात धरून आढ्याकडे बघत बसायचा आणि मग निकाल सांगायचा. "गूळ उणो." "मिरची फुडें धांवता, तिका पावसभर रावंक दी." आबा निमूटपणे तसं करायचे. हात थोरल्याचे आणि जीभ धाकट्याची, असा तो कारभार होता. मी राहायला गेलो त्या वर्षी तो अजून चालू होता आणि दोघांना त्या पिंपासमोर बसलेलं बघायला मला फार आवडायचं.

आबांचा आणखी एक विक्षिप्तपणा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. बोलायचे नाहीत असं नव्हे, येतच नव्हतं. पाळी गावच्या खाणीवर टाइमकीपर होते तेव्हा बस चुकली म्हणून त्यांनी स्वतःच्याच नावापुढे उशिराची खूण केली होती आणि साहेबाने ती खोडली तर पुन्हा केली होती. एकदा एक बोलकी शेजारीण येताना दिसली. माईला कामं होती, ती आत पळाली आणि जाता जाता म्हणाली, "हांव घरांत ना म्हण सांगात." शेजारीण दारात आली. आबा म्हणाले, "ती घरांत आसा, पूण ना म्हणून सांगूंक सांगलां." माई आठ दिवस बोलली नाही. आबांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भाषेच्या वादाने त्या काळात पुष्कळ घरं दुभंगली. कोकणी की मराठी, यावरून सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे झाले. आबा जन्मभर कोकणी बोलले, पण वर्तमानपत्र मराठी, पोथी मराठी, म्हणून ते मराठीवाले. धाकटा कोकणीवाला. मी मराठीचा मास्तर, भिंतीला भिंत लावून राहणारा. आबांना मुद्दे मीच पुरवायचो. संध्याकाळी पडवीत बसून मी त्यांना एकेक वाक्य घोटून द्यायचो आणि ते पाठ करायचे. याचा मला तेव्हा मोठा अभिमान वाटायचा.

एका रविवारी भाऊ आला होता. पिंपासमोर वाद पेटला. आबांनी माझी वाक्यं ओळीने म्हणून दाखवली. भाऊ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "दादा, मिरचेचो हात दोळ्याक लागल्यार तूं खंयचे भाशेंत बोब मारता?"

मी हसलो. हसायला नको होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते भावाला म्हणाले, "भायर सर."

भाऊ पायरीवर जाऊन वळला. "सरतां. आतां तुज्या पिपाची चव राखणदारच घेवं दी!"

रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. दुसरा कुणी असता तर त्याने ते सोडून दिलं असतं. आबांनी ते शब्दशः पाळलं. गावाच्या वेशीवर एका जुन्या आंब्याखाली राखणदाराची शिळा आहे. लोक त्याला रोट देतात, विडी ठेवतात, सोरो ठेवतात. तो रात्रभर गावाभोवती फिरतो आणि त्याच्या जिनसेला हात लावायची कुणाची छाती नाही. त्या रविवारपासून आबा दर आठवड्याला भर दुपारी बारा वाजता एक छोटा काचेचा पेला भरून त्या शिळेसमोर ठेवू लागले, वर फणसाचं पान. सोमवारी बाराला जाऊन बघायचं. पेला भरलेला. मिरचीमुळे मुंग्याही फिरकत नसत. आबा तो मुळाशी ओतायचे आणि घरी येऊन सांगायचे, "घेवंक ना."

माईला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "जेन्ना राखणदार घेतलो, तेन्ना पयली बाटली घेवन हांव वाळपय वतलों." माई दर सोमवारी दारात उभी राहायची. तिनेच त्या दिराला लहानाचा मोठा केला होता. आबांचं "घेवंक ना" ऐकून तिचा चेहरा उतरायचा, आणि आबांच्या चेहऱ्यावर, मी नीट पाहिलंय, थोडं हायसं वाटल्याचं दिसायचं. राखणदार घेत नव्हता तोवर त्यांना वाळपईची बस पकडावी लागत नव्हती. अशी दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मी त्या पिंपाचा वास भिंतीतून घेत होतो. वह्या तपासताना घेत होतो, झोपताना घेत होतो. आबांकडे कधी मागितलं नाही. मास्तर दारू मागतो हे बरं दिसलं नसतं, आणि माझी नोकरी कायम व्हायची होती.

चैत्रातला रविवार होता. मी साखळीहून बसने उतरून चालत येत होतो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आंब्याखाली सावलीला थांबलो आणि समोर पेला दिसला. आबा नुकतेच ठेवून गेले असणार, पान अजून हिरवंगार होतं.

राखणदारावर माझा विश्वास नाही, म्हणून प्यालो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. त्यात काही अर्थ नाही. विश्वासाचा विचारही माझ्या डोक्यात आला नाही. मी हावरेपणाने प्यालो. आधी बोट बुडवून चाटलं. मग इकडेतिकडे पाहिलं. मग पेला उचलला.

रंग जुन्या तांब्यासारखा होता. नाकाशी नेल्यावर आधी गूळ आला, मग ओलं लाकूड, आणि फेणीचा तो उग्र दर्प मात्र कुठे सापडेना. पहिला घोट इतका गोड आणि मऊ लागला की मिरची घालायला आबा विसरले की काय असं वाटलं. गिळला, आणि मग ती आली. जिभेवर आली नाही, घशाच्या मागून आली, सावकाश वर चढत कानांपर्यंत गेली, आणि कान गरम झाल्यावर मला आबांचं पेडण्याच्या बाजारातलं बोलणं समजलं. आग म्हणावी तर आग नव्हती. आत कुणीतरी एकेक दिवा लावत गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी तेफळाने ओठ बधिर केले आणि सगळं थंड झालं. मी मुळावर बसलो आणि एकटाच हसलो. दुसरा घोट मी तोंडात धरून ठेवला. तिसऱ्याला पेला संपला. तळाशी राहिलेलं बोटाने पुसून घेतलं, पेला होता तिथे ठेवला, वर पान ठेवलं आणि घरी आलो.

दुपारचा चहा तोंडाला लावला आणि मी कळवळलो. माईने विचारलं, "तोंड आयलां?" मी हो म्हटलं. तिने मुठेल, म्हणजे घरचं खोबरेल, गरम करून वाटीतून आणून दिलं, "ओंठाक लाय, पुता," म्हणाली.

सोमवारी आबा वेशीवरून परतले ते पेला दोन्ही हातांत धरून. आनंदी होते म्हणावं तर नव्हते, घाबरल्यासारखे दिसत होते. "घेतलें," एवढंच म्हणाले. माईने तिथल्या तिथे हात जोडले आणि डोळे पुसत नेवऱ्यांसाठी खोबरं किसायला बसली. दिराला तिच्या नेवऱ्या आवडायच्या. आबांनी बाटली भरून वर्तमानपत्रात गुंडाळली, मग ते वर्तमानपत्र मराठी आहे हे ध्यानात येऊन काढलं आणि पंच्यात गुंडाळली. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन उभे राहिले.

"मास्तर, भावाक पयलें कितें म्हणूं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. अजून काहीच बिघडलं नव्हतं. मी म्हणालो, "काही बोलू नका आबा. कुलेर पुढे करा."

मंगळवारी सकाळच्या बसने गेले आणि दुपारच्या बसने परत आले. बाटली हातात होती, नेवऱ्यांचा डबाही तसाच. पडवीच्या सोप्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. भावाने कुलेर घेतली, तोंडात धरली, आढ्याकडे पाहिलं. मग अंगणात थुंकला. म्हणाला, "कच्चें. हें राखणदार घेवंचो ना. तूंच पियेलो आनी ताचें नांव सांगता. फटींग."

"म्हाका फटींग म्हणलें," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. फटींग म्हणजे खोटारडा, आणि एखाद्या अनोळखी वस्तूकडे बघावं तसे ते त्या शब्दाकडे बघत होते. "मास्तर, हांव पियेतलों?"

"नाही आबा. तुम्ही नाही."

"मागीर तुमी ताका पत्र बरयात. तुमी शिकिल्ले मनीस, तुमचें आयकतलो."

मी पत्र लिहिलं. पेला रिकामा होता हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, असं लिहिलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खाली सही केली, शाळेचं नाव घातलं. आबांनी ते दोनदा वाचलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "देव बरें करूं." आठ दिवसांनी बसच्या कंडक्टरबरोबर भावाचा निरोप आला. "आतां मास्तराकय फट मारूंक शिकयलें?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी दात घासत उभा होतो. मोरीतून पाणी वाहतं तसा आवाज येत होता आणि सगळ्या परसात गूळ आणि मिरचीचा वास होता. आत पाहिलं. आबांनी तोटी उघडून ठेवली होती आणि पिंपाला कान लावून बसले होते. लिकोर जमिनीवरून वाहत कुळागरातल्या पोफळींकडे चालली होती. माई खांबाला धरून उभी होती. ती मला म्हणाली, "मास्तर, तुमी तरी सांगात तांकां."

अर्धं पिंप अजून आत होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते राहिलं असतं, आणि वाळपईला माझ्याच तोंडून निरोप गेला असता. मी वाक्य जुळवत होतो, हेही खरं आहे. पण राखणदाराचं चोरून पिणाऱ्या मास्तराकडे गावाने पोरं पाठवली नसती, मला ती खोली सोडावी लागली असती, नोकरी कायम झाली नसती, आणि हे सगळं मला त्या वाक्याच्या आधी सुचलं. धार बारीक होत गेली. मग थेंब पडू लागले. मी चूळ भरली आणि शाळेत गेलो.

आबांनी पिंपाचं पुढे काही केलं नाही. वेशीवर जाणंही थांबलं. मला म्हणाले, "मास्तर, आतां रेडियो लायात." मी रेडिओ आणला नाही. वर्षभरात नोकरी कायम झाली, मग बदली झाली. निघताना माईने नेवऱ्या बांधून दिल्या. त्यानंतर चार वर्षांनी आबा गेल्याचं मला कळलं, आणि मी त्या घरी गेलो नाही. भाऊ अंत्यविधीला आला होता, पण पायरी चढला नाही, असं कुणीतरी सांगितलं.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी वाळपईला चार दिवस राहायचं होतं. तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी दुपारी भावाच्या घराची चौकशी करत गेलो. तो आता आबांपेक्षाही म्हातारा दिसत होता. त्याने मला ओळखलं. बस म्हणाला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आंबा, पेला, पत्र, तोटी.

त्याने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताका गांदी उठतात, तें म्हाका खबर नाशिल्लें? हांव ल्हान आसतना ताच्या आंगाक हांवेंच सोलांचें उदक लायिल्लें. तो पियेलो ना, हें म्हाका कुलेर तोंडांत घालचे पयलींच खबर आशिल्लें."

"मग तुम्ही..."

"कच्चें नाशिल्लें, मास्तर. आमी दोगांनी केन्ना केलें नाशिल्लें इतलें बरें जाल्लें. म्हजे शिवाय जाल्लें." त्याने अंगणाकडे बोट दाखवलं. "थंय थुकलों. तुमी तेन्ना खरें सांगिल्लें जाल्यार म्हाका निमित्त उरचें नाशिल्लें. म्हाकाय तेंच जाय आशिल्लें, कोणेंतरी निमित्त काडून घेवपाक जाय आशिल्लें."

कुणीतरी ते निमित्त काढून घ्यावं, एवढंच त्यालाही हवं होतं. मग त्याने आतून खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः पायरीवर बसला.

"हांवें तें गिळूंक ना," तो म्हणाला. "आनीक कोणेंच गिळूंक ना. तुमी एकलेच. सांगात म्हाका, गिळ्ळ्या उपरांत कितें जाता?"

मी सांगू लागलो. तो डोळे मिटून, तोंड आढ्याकडे करून ऐकत होता, आणि मी थांबलो की "आनी?" म्हणत होता. ती घशामागून कशी येते ते सांगितलं, कानांपर्यंत कशी चढते ते सांगितलं. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि माझ्या तोंडाला, त्या पायरीसमोर बसून, त्या माणसाला हे सांगताना, पाणी सुटलं होतं. मी ते गिळत गिळत बोलत राहिलो.